सांस्कृतिक केंद्राचे विद्यार्थी प्रतिनिधी झालात? बेळगाव सीमाभागातील पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शक

विद्यापीठाच्या किंवा एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या सांस्कृतिक केंद्रात विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून नाव लागले की पहिले काही दिवस अभिनंदनात जातात. त्यानंतर मात्र किल्ली कोणाकडे मागायची, अर्ज कोणाच्या नावे लिहायचा आणि मंडपवाल्याला आगाऊ रक्कम कोण देणार, असे प्रश्न एकदमच समोर येतात. हे काम मी केलेले असल्यामुळे नव्याने येणाऱ्यांसाठी त्याचा क्रम लिहून ठेवत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हे काम इतर ठिकाणांपेक्षा थोडे वेगळे आहे, कारण येथे अर्ज कन्नडमध्ये जातो, तालीम मराठीत होते आणि पाहुण्यांचा परिचय कधी हिंदीत तर कधी इंग्रजीत करून द्यावा लागतो. ज्या प्रतिनिधीने कन्नड कागदाशी आणि कन्नडभाषक सहकाऱ्यांशी मैत्री केली, त्याच्या कारकिर्दीत मराठी कार्यक्रम अधिक झाले, असे माझे निरीक्षण आहे, आणि पुढील बहुतेक सूचना त्यातूनच आलेल्या आहेत.

१. आपली नेमणूक नेमकी काय आहे, ते कागदावर पाहा

कर्नाटकातील महाविद्यालयांत विद्यार्थी संघाच्या थेट निवडणुका अनेक वर्षांपासून होत नाहीत. गुण, मुलाखत किंवा प्राध्यापकांची शिफारस यांवरून निवड होते. त्यामुळे तुमच्यामागे मतदार नाहीत, आणि तुम्हाला कोणी निवडले आहे याची विद्यार्थ्यांना बहुधा कल्पनाही नसते. नेमणुकीचे पत्र मागून घ्या. ते मिळत नसेल, तर केंद्राच्या समन्वयक प्राध्यापकांच्या सहीची दोन ओळींची चिठ्ठी तरी घ्या. कालावधी कोणता, कोणत्या विभागाचे काम आणि कोणाला विचारून करायचे, एवढे तीन मुद्दे तिच्यात असले तरी पुरेसे आहे.

त्यानंतर कागद कोणत्या मार्गाने जातो, ते समजून घ्या. विद्यापीठात साधारणपणे समन्वयक, विद्यार्थी कल्याण विभाग, कुलसचिव आणि पैशाचा विषय असल्यास वित्त अधिकारी, असा तो प्रवास असतो. संलग्न महाविद्यालयात प्राचार्यांपाशी तो संपतो. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये स्थापन झाले आणि त्याचा भूतरामनहट्टी येथील परिसर शहराबाहेर महामार्गालगत आहे. अशा ठिकाणी एक सही राहिली, तर पुन्हा शहरातून जाण्यात अर्धा दिवस मोडतो. म्हणून निघण्यापूर्वी संबंधित अधिकारी जागेवर आहेत की नाहीत, हे फोनवर विचारून घ्यावे.

२. मागील प्रतिनिधीकडून पदभार घ्या, आणि वस्तू वाजवून पाहा

केवळ यादीवर सही करून पदभार घेऊ नका. तबला-डग्गा, ढोलकी, हार्मोनियम, टाळ, झांजा, घुंगरू, ध्वनिक्षेपकाच्या केबल आणि पोशाख या वस्तू एकेक काढून, जोडून आणि वाजवून पाहा. बेळगावचा पावसाळा वाद्यांना मानवत नाही. ओलाव्यामुळे तबल्याची पुडी सैल पडते आणि हार्मोनियमचे काही सूर उमटेनासे होतात. जुलैमध्ये कपाट उघडताना जे नादुरुस्त आढळेल, ते तुमच्या काळात बिघडले, असा शेरा वर्षअखेरीस बसू नये, यासाठी यादीत प्रत्येक वस्तूपुढे तिची त्या दिवसाची स्थिती लिहा आणि दोघांच्याही सह्या घ्या.

खोलीच्या किल्ल्यांचा हिशेबही याच वेळी करावा. शिपाई मामा आणि रात्रीचे पहारेकरी अण्णा यांची ओळख करून घ्या. सुट्टीच्या दिवशी खोली उघडण्याची वेळ आली की समन्वयकांच्या पत्रापेक्षा या दोघांशी असलेला परिचय अधिक उपयोगी पडतो. पत्र मात्र हवेच.

३. येणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंद ठेवा

केंद्रात येणारी मुले एकाच तऱ्हेची नसतात. काही शहरातील, काही खानापूर किंवा जांबोटीकडून रोज बसने येणारी, काही वसतिगृहातील, तर काही सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातून येणारी. सुरुवातीच्या सभेतच प्रत्येकाचे नाव, वर्ग, गाव, कोणती कला येते किंवा शिकायची आहे, घरी जाण्यासाठी शेवटची बस किती वाजता आहे, आणि वाचता-लिहिता येणाऱ्या भाषा कोणत्या, हे एका वहीत लिहून घ्या. शेवटच्या बसचा रकाना क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात तालमीचे सगळे वेळापत्रक त्यावरच ठरते.

बसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. ११ जून २०२३ पासून सुरू असलेल्या शक्ती योजनेतील महिलांचा मोफत प्रवास कर्नाटकातील रहिवासी महिलांसाठी आहे. चंदगडकडून येणाऱ्या मुलींच्या आधार कार्डावर महाराष्ट्राचा पत्ता असतो, त्यामुळे त्यांना तिकीट काढावे लागते. सुट्टीच्या दिवशी जादा तालीम ठेवताना हा खर्च कोणावर पडतो, याचा विचार प्रतिनिधीने करावा. सीमाप्रश्नावरून तणाव निर्माण झाला की दोन्ही राज्यांच्या आंतरराज्य बसगाड्या काही दिवस थांबतात, हेही येथील वास्तव आहे. अशा दिवसांत अनुपस्थितीबद्दल कोणाचेही नाव यादीतून कमी करू नये.

सभेची सूचना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लावा. केवळ मराठी सूचना लावली की कन्नडभाषक मुले केंद्राला ‘मराठी मंडळ’ समजून फिरकत नाहीत, आणि पुढे एखाद्या समूहगीताला आवाज कमी पडले की आपणच त्यांना शोधत फिरतो. या भागातील कला भाषेच्या कुंपणात कधीच नीट बसलेली नाही. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, आणि कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लोकवाद्यवृंद उभा करताना आमच्या लेझीम-ढोलकीबरोबर करडी मजल (उत्तर कर्नाटकातील लोकवाद्यवादन) वाजवणारा एखादा मुलगा मिळाला, तर तो सोडू नका.

४. वर्षाचे वेळापत्रक स्थानिक दिनदर्शिकेवर बसवा

विद्यापीठाची शैक्षणिक दिनदर्शिका समोर असतेच, परंतु तिच्यात बेळगावचे वर्ष दिसत नाही. गणेशोत्सवात निम्मी मुले आपापल्या मंडळांत अडकलेली असतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून खानापूरच्या बाजूला भातकापणी सुरू होते आणि मुले घरच्या कामाला जातात. १ नोव्हेंबर हा कर्नाटक राज्योत्सवाचा, म्हणजे राज्य स्थापनेचा दिवस असून त्याच दिवशी शहरात सीमाप्रश्नाचे वेगळे पडसादही उमटत असतात. या तारखेच्या आसपास शहरात जाहीर कार्यक्रम ठेवू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

सर्वांत मोठा सापळा डिसेंबरचा आहे. २०१२ मध्ये बेळगावातील सुवर्ण विधानसौध या विधिमंडळाच्या इमारतीचे उद्घाटन झाल्यापासून कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सामान्यतः तेथेच भरते. त्या काळात पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात, लॉजच्या खोल्या मिळत नाहीत आणि मोर्चांमुळे रस्ते अडतात. बाहेरचे परीक्षक बोलावून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा घ्यायची असेल, तर अधिवेशनाच्या तारखा जाहीर होईपर्यंत सभागृहाची रक्कम भरू नका.

जानेवारी-फेब्रुवारी हा आपल्यासाठी चांगला काळ. कडोली, उचगाव, कुद्रेमनी अशा गावांतील मराठी साहित्य संमेलने साधारणतः हिवाळ्यात होतात; बाहेरगावचे कवी-कथाकथनकार तेव्हा या भागात येतातच, आणि वेळेवर पत्र गेले तर संमेलनाच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी ते आपल्याकडेही येऊ शकतात. प्रवासखर्चाचा भार अर्ध्याने हलका होतो. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाची तयारी मात्र जानेवारीतच सुरू करावी, कारण त्यानंतर सत्र परीक्षांचे वारे वाहू लागतात.

५. परवानगीचे अर्ज: येथे सर्वाधिक वेळ द्या

कार्यक्रम रद्द होण्याचे कारण बहुधा कलाकार नसतो, कागद असतो. विद्यापीठाच्या आवारातील कार्यक्रमासाठी साधारण तीन आठवडे आणि बाहेरच्या कार्यक्रमासाठी महिनाभर आधी अर्ज द्यावा.

अर्ज कन्नडमध्ये लिहा. त्याचा साचा सोपा आहे: वर ‘इवरिंद’ म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव, खाली ‘इवरिगे’ म्हणजे ज्यांना अर्ज करायचा त्यांचे पदनाम, मग ‘मान्यरे’, ‘विषय’, चार-पाच वाक्यांचा मजकूर आणि शेवटी ‘वंदनेगळोंदिगे’, म्हणजे वंदनांसह. एकदा कन्नड विभागातील एखाद्या मित्राकडून साचा तयार करून घेतला की पुढे तारीख, वेळ आणि कार्यक्रमाचे नाव तेवढे बदलावे लागते. शहराचे नाव अर्जात, फलकावर आणि पत्रशीर्षावर ‘बेळगावी’ असेच लिहा; १ नोव्हेंबर २०१४ पासून ते अधिकृत आहे. बोलताना आपण बेळगाव म्हणतो आणि म्हणत राहू, पण त्या एका शब्दावरून अर्ज परत आणण्यात काही मिळत नाही.

अर्जासोबत पुढील कागद जोडावेत:

– समन्वयकांचे शिफारसपत्र
– कार्यक्रमाची वेळापत्रिका, म्हणजे सुरू व संपण्याच्या वेळा आणि प्रत्येक सादरीकरणाचे नाव
– सहभागी विद्यार्थ्यांची यादी, वर्ग आणि नोंदणी क्रमांकासह
– बाहेरच्या पाहुण्यांची नावे, पत्ता आणि भाषणाचा विषय
– सभागृह किंवा मैदान मिळाल्याचे पत्र
– अंदाजपत्रक
– नाटक असल्यास संहितेची प्रत आणि कन्नड किंवा इंग्रजीत एक पानाचा सारांश

शेवटचा कागद कोणी मागत नसला, तरी द्या. संहिता न समजल्यामुळे ‘पाहून सांगतो’ म्हणून बाजूला ठेवलेला अर्ज सारांशामुळे पुढे सरकतो.

अर्ज देताना दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊन ती पोच म्हणून जपून ठेवा. ‘तोंडी सांगितले आहे, होईल’ या वाक्यावर मंडप घालू नका.

मैदानावर ध्वनिक्षेपक लावायचा असेल, तर ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत कार्यक्रम आहे तेथून लेखी परवानगी लागते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. कार्यक्रम साडेनऊला संपेल असेच नियोजन करा, कारण आभारप्रदर्शन आपल्याकडे अर्धा तास चालते.

फलकाबाबत दोन गोष्टी आहेत. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या फ्लेक्सवर बंदी आहे, तेव्हा कापडी फलक करावा. तो पुढच्या वर्षी तारीख बदलून वापरताही येतो. दुसरे म्हणजे, आस्थापनांच्या नामफलकांवर साठ टक्के मजकूर कन्नडमध्ये असावा, असा नियम २०२४ पासून आहे. एका दिवसाच्या कार्यक्रमाच्या फलकाला तो लागू पडतो की नाही, या वादात न शिरता वर ठळक कन्नड आणि खाली मराठी अशी मांडणी करावी. कार्यक्रमाच्या सकाळी फलकावरून वाद झाला, तर तो मिटवण्यात तुमची सगळी शक्ती जाते आणि तिकडे रंगमंचावर पडदाही बांधलेला नसतो.

पाहुण्यांना विषयाची मर्यादा लेखी कळवा. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि प्रत्येकाला त्याविषयी मत आहे. परंतु परवानगी साहित्याच्या किंवा नाट्याच्या कार्यक्रमाची घेतलेली असते. भाषण त्या बाहेर गेले, तर पाहुणे संध्याकाळी आपल्या गावी परततात, आणि खुलासा समन्वयक व विद्यार्थी प्रतिनिधी यांना द्यावा लागतो.

६. पैसा: हात न लावता हिशेब ठेवा

विद्यार्थी प्रतिनिधीने स्वतःच्या बँक खात्यावर किंवा फोनवर वर्गणी, प्रवेश शुल्क वा देणगी घेऊ नये. आयोजनाच्या धांदलीत ‘सध्या माझ्या नंबरवर टाका’ असे सहज म्हटले जाते, आणि नंतर कोणाचे किती आले, हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. रक्कम केंद्राच्या किंवा महाविद्यालयाच्या खात्यात जावी आणि पावती तेथूनच निघावी.

मंडप, दिवे-ध्वनी आणि जेवण यांसाठी किमान तीन दरपत्रके घ्या. मौखिक दर ग्राह्य धरले जात नाहीत. दरपत्रकावर दुकानाचे नाव, तारीख आणि सही हवी. मोठ्या खर्चाला जीएसटी क्रमांक असलेले बिलच लागते, तर चहा, रिक्षा, हार अशा किरकोळ खर्चांसाठी व्हाउचर चालते. ही व्हाउचरे त्याच दिवशी भरा. आठवड्याने आठवून लिहिलेल्या आकड्यांवर लेखा विभागातील मंडळी बरोबर बोट ठेवतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

आगाऊ रक्कम मंजूर झाली तर ती समन्वयकांच्या नावे निघते. तिचा हिशेब मुदतीत सादर झाला नाही, तर पुढील कार्यक्रमाची आगाऊ रक्कम अडते आणि प्राध्यापकांना स्वतःच्या खिशातून खर्च करावा लागतो. आपल्या दिरंगाईमुळे त्यांच्यावर ही वेळ आणू नका.

सत्कारावर फार खर्च करण्याची प्रथा आहे. माझ्या मते ती कमी करावी. शाल, श्रीफळ, फेटा, स्मृतिचिन्ह असा थाट करण्यापेक्षा बाहेरगावच्या पाहुण्यांना कुंद्याचा डबा आणि एक पुस्तक द्यावे. पाहुणे अधिक खूश होतात, असा अनुभव आहे.

७. तालमीचे नियम पहिल्याच दिवशी सांगा

तालमीची वेळ वहीतील शेवटच्या बसनुसार ठरवा. सहाची बस असलेल्या मुलीला साडेपाचला प्रवेश देण्यात अर्थ नाही. तिचे प्रसंग आधी घ्यावेत आणि वसतिगृहातील मुलांचे नंतर. उशिरापर्यंत चालणाऱ्या तालमीची पूर्वसूचना पालकांना केंद्राच्या पत्राने द्यावी, आणि एखादे प्राध्यापक किंवा प्राध्यापिका उपस्थित असल्याशिवाय ती ठेवू नये. दिग्दर्शनासाठी बाहेरची व्यक्ती येत असेल, तर तिच्यासाठीही हाच नियम. संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीच्या (लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या) सदस्यांची नावे आणि फोन क्रमांक तालीम खोलीत लावलेले असावेत; तक्रार आल्यास प्रतिनिधीने स्वतः न्यायनिवाडा न करता ती समितीकडे पोचवावी.

८. संहिता आणि स्पर्धा

प्रकाशित एकांकिका करायची असेल, तर लेखकाची लेखी परवानगी घ्या. कॉपीराइट कायद्यात शैक्षणिक संस्थेतील विद्यार्थी व कर्मचाऱ्यांनी, मर्यादित प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगांना सवलत आहे. मात्र प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती यांपुरते राहिले पाहिजेत. तिकीट लावून किंवा गावकऱ्यांसाठी खुला प्रयोग केला की ही सवलत गृहीत धरू नये. कोल्हापूर किंवा महाराष्ट्रातील अन्य ठिकाणच्या स्पर्धेला जाणार असाल, तर तेथे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मागितले जाते. त्यासाठी संहिता बरीच आधी पाठवावी लागते आणि सीमाभागातील संघ नेमके येथेच मागे पडतात.

आंतरविद्यापीठ युवा महोत्सव भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांनुसार होतात. एकांकिकेला तीस मिनिटे, प्रहसनाला दहा आणि मूकाभिनयाला पाच मिनिटे, अशी सर्वसाधारण मर्यादा असते, आणि स्पर्धकाचे वय पंचवीस वर्षांखाली असावे लागते. पदव्युत्तर वर्गातील मुले निवडताना वयाचा दाखला आधी पाहा, नायक शेवटच्या दिवशी बदलावा लागू नये. त्या वर्षीचे नियमपत्रक मिळवून एकदा नीट वाचावे, कारण पोटनियम बदलत असतात. मराठी एकांकिका नेत असाल, तर हिंदी किंवा इंग्रजी सारांशाच्या प्रती बरोबर ठेवा. परीक्षकांत मराठी जाणणारे कोणी असतीलच, असे नाही.

९. कार्यक्रमाचा दिवस

या दिवशी प्रतिनिधीने स्वतः रंगमंचावर काम करू नये. सूत्रसंचालनही दुसऱ्याकडे द्यावे. मराठी आणि कन्नड अशी दोन निवेदकांची जोडी असेल, तर उत्तम. सोबत एक पिशवी ठेवावी: सर्व परवानग्यांच्या प्रती, चिकटपट्टी, कात्री, सुतळी, सेफ्टी पिना, मायक्रोफोनच्या बॅटऱ्या, विजेची जोडपट्टी, प्रथमोपचार पेटी आणि सुटे पैसे. वीज गेल्यास जनरेटर कोण सुरू करणार, हे आदल्या दिवशीच नावानिशी ठरवा.

१०. हिशेब, अहवाल आणि पुढच्याकडे सोपवणूक

कार्यक्रमानंतर आठवड्याभरात दोन पानांचा अहवाल, छायाचित्रे, उपस्थितीपट आणि खर्चाचा तक्ता समन्वयकांकडे द्या आणि त्याचीही पोच घ्या. सहभागी विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे वर्षअखेरीपर्यंत ठेवू नका. अंतिम वर्षाची मुले परीक्षेनंतर पुन्हा येत नाहीत. प्रमाणपत्रावरील नाव गुणपत्रिकेवरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे, अन्यथा पुढे प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या वेळी ते निरुपयोगी ठरते. आपल्याकडे आडनाव कधी पुढे, कधी मागे लिहिले जाते आणि कन्नडमधून इंग्रजीत येताना स्पेलिंग बदलते, म्हणून छपाईपूर्वी प्रत्येकाकडून नाव तपासून सही घ्यावी.

शेवटी एक फाइल तयार करा. तिच्यात कन्नड अर्जाचे कोरे साचे, सर्व पोच-प्रती, दरपत्रके, वाद्यांची स्थितीसह यादी, बसच्या वेळांची वही आणि त्या वर्षी वापरलेल्या संहिता असाव्यात. फोन क्रमांक मात्र संबंधितांना विचारल्याशिवाय पुढे देऊ नयेत. ही फाइल नव्या प्रतिनिधीच्या हाती समन्वयकांसमोर द्यावी, कपाट उघडून वाद्ये पुन्हा एकदा दोघांनी मिळून वाजवून पाहावीत, आणि यादीवर सह्या झाल्यावरच किल्ली सोडावी.